खिळलेलं दार

सकाळी दारावर थाप पडली तेव्हा लिब्राडो चुलीत लाकूड सरकवत होता. दार उघडून बघतो तर उंबऱ्यात थोरला भाऊ उभा. डोक्यावर तीच जुनी भुरकट हॅट, बुटांना ओला चिखल आणि हातात पाटकऱ्याची काठी. वीस-बावीस वर्षांत या माणसानं या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. चर्चमध्ये समोरासमोर आले तरी दोघं भाऊ एकमेकांना असे टाळायचे, की मधल्या वाटेत जणू भिंत उभी आहे.

"काय रे, अजून घरातच?" ओनोफ्रे म्हणाला. "पाट बघायला जायचंय ना? कॉफी आहे का नाही?"

आणि उत्तराची वाट न बघता आत येऊन खुर्ची ओढून बसला. तीही खिडकीला पाठ करून, त्याच्या जुन्या जागेवर. लिब्राडो दाराची कडी हातात धरून तसाच उभा. त्याच्या बायकोनं, सेल्सानं, नवऱ्याकडं पाहिलं, दिराकडं पाहिलं, आणि मुकाट्यानं कप काढला. साखर दोन चमचे घातली. दिराला दोन चमचे लागतात हे आपल्या अजून लक्षात आहे, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

कॉफी पिऊन ओनोफ्रे उठला. "चल," म्हणाला. आणि काय सांगावं, लिब्राडो गेला. एवढ्या वर्षांत त्यानं मनात हजार उत्तरं तयार करून ठेवली होती. म्हातारा माफी मागायला आला तर हे बोलायचं, भांडायला आला तर ते बोलायचं. पण कॉफी प्यायला आला तर काय बोलायचं, हे ठरवायचं राहून गेलं होतं.

त्या डोंगरात यंदा बर्फ पडलाच नव्हता म्हटलं तरी चालेल. न्यू मेक्सिकोत उत्तरेकडं शेती म्हणजे डोंगरावरचा वितळलेला बर्फ आणि ते पाणी शेतापर्यंत आणणारा पाट. मार्च संपता संपता सगळे वाटेकरी मिळून पाट उपसतात, मग नदीचं पाणी आत घेतात, आणि तिथून पुढं पाटकरी सांगेल त्याची पाळी. ओनोफ्रे आर्चुलेटा या पाटाचा पाटकरी होता, आणि त्याच्या आधी त्यांचा बाप. पाळी कुणाची, किती वेळ, कुणाच्या शेतात पाणी सोडायचं फळीचं दार कधी उघडायचं हे सगळं त्याच्या डोक्यात. गावात नवराबायकोचं पटलं नाही तर पाद्री बोलायचा, आणि पाण्याचं पटलं नाही तर ओनोफ्रे बोलायचा. पाद्र्याचं एखादा ऐकायचा नाही; ओनोफ्रेचं ऐकावंच लागायचं.

भाऊ तुटले ते पाण्यावरूनच. एका कोरड्या उन्हाळ्यात पाट बोटाएवढा वाहत असताना पाळी होती खालच्या मळ्याची आणि पाणी सापडलं लिब्राडोच्या बागेत. लिब्राडो म्हणाला, घुशीनं बांध पोखरला, मी काय करू. ओनोफ्रेनं ऐकून घेतलं नाही. रविवारी प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या अंगणात, अख्ख्या गावासमोर, त्यानं सख्ख्या भावाला पाणीचोर म्हटलं, आणि दुपारी जाऊन बागेच्या दाराची फळी खिळे ठोकून बंद केली. उन्हाळाभर. बापानं लावलेली जर्दाळूची झाडं उभ्या उभ्या वाळून गेली.

उन्हाळा सरला, दंड सरला, पण लिब्राडोनं खिळे काढले नाहीत. वरची बाग कोरडी ठेवली, खालच्या दारानं मका आणि मिरची भिजवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते गंजके खिळे दिसावेत, ओनोफ्रेला तर रोज दिसावेत, एवढ्यासाठी. हट्टीपणात आर्चुलेटांचा कुणी हात धरणार नाही, असं सेल्सा म्हणायची. ती बाहेरून आलेली, तिला बोलता येत होतं.

आणि आता हा माणूस पाटाच्या काठाकाठानं त्याच्या पुढं चालला होता, बोलत होता, जसं काही काल संध्याकाळीच दोघं भेटले होते. वाटेत विलोच्या फांद्या काठीनं बाजूला सारत होता आणि त्या लिब्राडोच्या तोंडावर येऊ नयेत म्हणून धरून ठेवत होता. लहानपणी धरायचा तशा.

बागेपाशी आल्यावर ओनोफ्रे थांबला. समोर ओळीनं झाडांचे वाळके बुंधे. तो त्यांच्याकडं बराच वेळ बघत राहिला.

"जर्दाळूला यंदा फूल नाही आलं रे अजून," म्हणाला.

लिब्राडोच्या अंगाची आग आग झाली. पण त्यानं म्हाताऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. तिथं टोमणा नव्हता. खरोखरच फुलाची काळजी होती.

घरी परतताना वाटेत पुतणी, रमोना, धावत येताना दिसली. बाप सकाळी न सांगता बाहेर पडला म्हणून ती सगळीकडं शोधत होती. तिनं लिब्राडोला बाजूला घेऊन सांगितलं. गेल्या हिवाळ्यापासून हे असं चाललंय. कॉफी चुलीवर ठेवतो आणि विसरतो. तिला आईच्या नावानं हाक मारतो. जेवला का विचारलं तर हो म्हणतो, आणि पातेलं तर भरलेलं असतं. दवाखान्यात म्हणाले, वय झालं, आणि थोडं वयाच्याही वरचं आहे. नावं जातील, कालचं जाईल, मग परवाचं. फार जुनं शेवटी जाईल.

"तुमचं भांडणही गेलं, काका," रमोना म्हणाली. "मी विचारून बघितलं. त्याला आठवतच नाही."

लिब्राडोला काय वाटलं ते त्यालाच कळेना. भांडण म्हणजे दोघांनी दोन टोकं धरून ताणायचं कांबळं. एकानं टोक सोडून दिलं तर दुसऱ्यानं काय करायचं? एकट्यानं घडी घालायची?

मग त्याला नादच लागला. ओनोफ्रे रोज सकाळी यायचा, कॉफी प्यायचा, दोघं पाटावर जायचे, आणि लिब्राडो त्याला चाचपून बघायचा. बापाच्या खेचराचं नाव काय होतं? ओनोफ्रेनं सांगितलं, वर ते कुठल्या पायानं लाथ मारायचं तेही सांगितलं. आईच्या मिरचीच्या रश्श्यात काय असायचं? सांगितलं. त्या कोरड्या उन्हाळ्यात काय झालं होतं? ओनोफ्रे हसला. "कुठल्या? कोरडे उन्हाळे काय थोडे झाले?" पाटाचं कुठलं वळण पावसात ढासळतं हे त्याला पाठ होतं, पण तिथं आपण कशाला आलो हे तो मधेच विसरायचा आणि काठीकडं बघत उभा राहायचा. काठी बघितली की आठवायचं. लिब्राडोला वाटायचं, माणसाचं डोकं म्हणजे आहे तरी काय? खेचराची लाथ राहते आणि भावाचं पाणी तोडलेलं जातं, हा कुठला हिशेब?

एक दिवस मात्र त्याला राहवलं नाही. बुंध्यापाशी बसून त्यानं ओनोफ्रेला सगळं सांगितलं. तू मला चोर म्हणालास, सगळ्यांसमोर म्हणालास, बापाची झाडं तू वाळवलीस. ओनोफ्रे ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा खालचा ओठ लहान पोरासारखा थरथरायला लागला.

"मी?" तो म्हणाला. "तुला?"

आणि रडला. हॅट तोंडापुढं धरून रडला. लिब्राडोनं याच रडण्याची इतकी वर्षं वाट पाहिली होती, आणि समोर आलं तेव्हा त्याला ते बघवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप. "काय रे, अजून घरातच?" तोंडावर कालचा मागमूस नाही. लिब्राडोला कळून चुकलं, की हे आपण रोज सांगू शकतो आणि हा रोज नव्यानं रडेल. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही.

पाट उपसायचा दिवस जवळ आला तसा त्रांकिलिनो बाका घरी आला. पाटाच्या पंचांतला तो मुख्य. वाईट माणूस नव्हता. हॅट काढून बसला, सेल्सानं दिलेली पानोचा, उपासाच्या दिवसांतली ती मोड आलेल्या गव्हाची खीर, चवीनं खाल्ली, आणि मग मुद्द्यावर आला. यंदा पाणी तोळ्यानं मोजावं लागणार. पाळीत एक चूक झाली तर डोकी फुटतील. ओनोफ्रेनं गेल्या वर्षीच एकाची पाळी दुसऱ्याला दिली होती, ते कसंबसं निभावलं. काठी आता दुसऱ्या हातात द्यायला हवी, पण म्हाताऱ्याला कोण सांगणार?

"तुम्ही बोला," बाका म्हणाला. "उपसायच्या दिवशी सगळ्यांसमोर. घरच्याच माणसानं म्हटलं, की याच्यानं आता होत नाही, तर परक्यांनी अपमान केला असं कुणी म्हणणार नाही. आणि खरं सांगायचं तर, लिब्राडो, बोलायचा हक्क तुमच्याइतका दुसऱ्या कुणाला आहे?"

लिब्राडो बघतो म्हणाला. बाका गेल्यावर रमोना आली. गावात गोष्टी अशाच चालतात, बाका पुढच्या दारानं जायचा आणि बातमी मागच्या दारानं यायची. ती रागावली नव्हती. एवढंच म्हणाली, "काठी आहे म्हणून तो सकाळी बूट घालतो. काठी गेली तर तो खुर्चीत बसेल, काका, आणि परत उठायचा नाही. तुमचं काय ते तुम्ही ठरवा."

त्या संध्याकाळी लिब्राडो चुलीपाशी बसून सेल्सापुढं आपलं जुनं दळण दळायला लागला. चर्चच्या अंगणात त्यानं मला काय म्हटलं, माझी काही चूक नसताना. घुशीचं बीळ होतं, मी डोळ्यांनी बघितलं होतं, बांधावर त्या रानबोरासारख्या लाल प्लमच्या झुडपाखाली, मुठीएवढं.

सेल्सा बटाटे सोलत होती. सोलता सोलताच म्हणाली, "ते प्लम मी लावलंय. जर्दाळू गेल्यावर. त्या उन्हाळ्यात ते झुडूप तिथं नव्हतंच."

लिब्राडोनं चुलीतलं लाकूड उगाच आत सरकवलं.

"आणि बीळ कसलं आलंय? तू गुडघ्यापर्यंत भिजून आला होतास. तुझे मोजे मी या चुलीवर वाळवले. झाडं मरतायत बघवत नाही म्हणालास. दुसऱ्या दिवशी घुशीचं म्हणालास, मी म्हटलं, असू दे, नवऱ्याची बाजू राखावी. पण मला वाटायचं, तुला माहीत आहे."

"मला बीळ आठवतंय, सेल्सा. मला दिसतंय ते."

"दिसत असेल. इतक्यांदा सांगितलंस ना." तिनं सुरी खाली ठेवली. "का माझंच चुकतंय, देव जाणे. माझंही वय झालंय. पण मोजे राखाडी होते आणि एकाची टाच करपली, एवढं मला आठवतं."

लिब्राडो दुसऱ्या दिवशी एकटाच बांधावर गेला. झुडपाखाली उकिडवा बसला आणि आठवायचा प्रयत्न करायला लागला. बीळ दिसायचं, अगदी स्पष्ट, पण त्याच्यावर दर वेळी प्लमची सावली पडलेली दिसायची, आणि प्लम तर नव्हतं. झुडूप काढून टाकलं की बीळही जायचं. मग खाली काय होतं? रात्र, पाणी, हातात फळी? काहीच लागत नव्हतं. त्याला स्वतःचीच भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त नवल. विसरतो तो ओनोफ्रे, असं गाव म्हणत होतं. आपणही विसरलो; फक्त आपण रिकाम्या जागी दुसरं काहीतरी लावलं, आणि त्याला इतकी वर्षं पाणी घातलं.

पाट उपसायच्या दिवशी थंडी होती. वाटेकरी आपापली फावडी घेऊन पाटाच्या मुखाशी जमले. ज्याला स्वतःला जमत नव्हतं त्यानं मुलाला पाठवलं होतं, नाहीतर रोजानं गडी लावला होता. ओनोफ्रे काठी घेऊन काठावर उभा राहिला. काठीनं माप घ्यायचं, काठावर ओरखडा काढायचा, माणसाचं नाव पुकारायचं. तो तुकडा त्याचा. तळाचा गाळ, काठाचं गवत, विलोची मुळं, सगळं काढायचं. सगळ्यांचं झालं की पाटकरी ओरडतो, "पुढं!" आणि रांग पुढं सरकते.

पहिल्या चार-पाच वेळा सगळं सुरळीत गेलं. मग ओनोफ्रेनं नाव पुकारलं, "कासिमिरो!"

कासिमिरो मरून दहा-बारा वर्षं झाली होती. कुणी हसलं नाही. कासिमिरोचा पुतण्या रांगेत होता, तो क्षणभर घुटमळला आणि म्हणाला, "आलो," आणि ओरखड्यामागं फावडं मारायला लागला. बाकानं मात्र लिब्राडोकडं पाहिलं. लिब्राडो खाली बघून गाळ उपसत राहिला. थोड्या वेळानं ओनोफ्रेनं एकाच माणसाला लागोपाठ दोन तुकडे दिले. तो कुरकुरला. मग रांगेत दबकी बोलणी सुरू झाली, आणि लिब्राडोला ती पाठीवर कळत होती. त्याची कंबर धरली होती, हाताला फोड आला होता, आणि पुढचं वळण घेतलं की बाग येणार होती.

बाग आली. ओनोफ्रे दारापाशी थांबला. वाकून फळीवरून बोट फिरवलं, खिळ्यांच्या माथ्यावरून फिरवलं. बोटाला गंज लागला तो त्यानं पँटला पुसला.

"हे कुणी केलं?" त्यानं विचारलं.

फावडी थांबली. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि जे तेव्हा लहान होते त्यांनी घरी ऐकलं होतं.

"मी विचारतोय, माणसाचं पाणी खिळे ठोकून कुणी बंद केलं? पलीकडं बाग होती." त्याचा आवाज चढला. तो जुना पाटकऱ्याचा आवाज होता, ज्यानं गाव गप्प व्हायचं. "असं करणाऱ्याच्या हातात काठी ठेवू नये. नाव सांगा त्याचं."

बाकानं लिब्राडोकडं पाहिलं आणि नुसती मान हलवली. आता. यापेक्षा चांगली वेळ पुन्हा यायची नव्हती. म्हाताऱ्यानं स्वतःच्याच तोंडानं निकाल दिला होता. लिब्राडोला कळत होतं, 'तू' एवढं म्हटलं की पुरे. अपमान सगळ्यांसमोर झाला होता, फेड सगळ्यांसमोर होणार होती. पण त्याच्या डोळ्यांपुढं ती तोंडापुढं धरलेली हॅट आली.

"पाटकऱ्याची चूक नव्हती, दादा," तो म्हणाला. "त्या उन्हाळ्यात इथून पाणी चोरलं होतं. पाळी नसताना दार उघडून."

"कुणी?"

"मी."

कुणीतरी फावडं टाकल्याचा आवाज आला. वीस-बावीस वर्षं हा माणूस घुशीची शपथ घेत आला होता. आणि गंमत बघा, शब्द तोंडातून जाताक्षणी त्याला पायाशी गार पाणी जाणवलं, मोज्यातून आत शिरणारं. ते खरंच तेव्हाचं होतं, की सेल्सानं सांगितलं म्हणून आत्ता तयार झालं, हे त्याला सांगता आलं नसतं.

ओनोफ्रे त्याच्याकडं टक लावून बघत होता.

"मग ठोकले ते बरंच केलं," तो म्हणाला. "पण उन्हाळ्यापुरते. इतकी वर्षं कशाला?"

"ते मी काढले नाहीत."

"का?"

"राग होता."

"दोघंही गाढव," ओनोफ्रे म्हणाला. "तू आणि तो पाटकरी. धर ही."

आणि काठी त्यानं लिब्राडोच्या हातात दिली. कुणीतरी पहार पुढं केली. ओनोफ्रेनं कोट काढला, गुडघे टेकले, आणि एकेक खिळा उपटायला लागला. जुनं लाकूड करकरलं. खिळा निघाला की तो काठावर ठेवायचा. तीन खिळे होते. लिब्राडो ते रोज बघत आला होता. झोपेत विचारलं असतं तरी तीनच म्हणाला असता. तिसरा निघाल्यावर बाका पुढं होऊन फळी उचलायला गेला. फळी हलेना.

"थांब," ओनोफ्रे म्हणाला. "अजून एक आहे."

त्यानं शर्टाची बाही वर सारली, फळीच्या तळाशी गाळात हात घातला, कोपरापर्यंत, आणि चाचपलंही नाही. हात सरळ तिथं गेला. मग पहारीचं टोक हाताच्या वाटेनं खाली सोडलं आणि जोर लावला. चौथा खिळा चिखलासकट वर आला. ओनोफ्रेनं तो शर्टाला पुसला आणि लिब्राडोच्या तळहातावर ठेवला.

लिब्राडोनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. कोपरापर्यंत चिखल लागलेला, दमलेला म्हातारा, धापा टाकत होता. डोळ्यांत काही होतं की नव्हतं? विचारावं असं लिब्राडोच्या अगदी जिभेवर आलं. त्यानं विचारलं नाही. खिळा मुठीत धरला, मग खिशात टाकला.

फळी वर आली. पाट कोरडा होता, पाणी यायला अजून अवकाश होता, पण दार उघडं झालं. ओनोफ्रेनं लिब्राडोचा हात धरून स्वतःला उठवून घेतलं, कोट घातला, आणि काठी मागितली नाही. चार पावलं चालून थांबला. पाटाकडं पाहिलं, मागच्या रांगेकडं पाहिलं, आणि लिब्राडोच्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "आता कुणाचा तुकडा रे?"

लिब्राडोनं काठीनं माप घेतलं, काठावर ओरखडा काढला, आणि तितक्याच हळू आवाजात नाव सांगितलं.

"त्रांकिलिनो!" ओनोफ्रे ओरडला. "पुढं!"

बाकानं एकदा लिब्राडोच्या हातातल्या काठीकडं पाहिलं, एकदा ओनोफ्रेकडं. मग फावडं खांद्यावर टाकून तो आपल्या खुणेकडं चालू लागला.